तारखांचा तालुका

१ जुलै १९८७ या दिवशी अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही विशेष घडल्याचं कुणी सांगणार नाही. रोवणीच्या तोंडावरचे दिवस. लोक पऱ्ह्यांकडे आणि आभाळाकडे बघत असतील. माझ्या धंद्यात मात्र ही तारीख पुन्हा पुन्हा येते. मी अर्जनवीस. तहसील कचेरीबाहेर माझं टेबल, त्यावर आधी टाइपरायटर होता, आता मुलाने बसवून दिलेला संगणक आहे. खरेदीखत, वारसाचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, जे येईल ते लिहून देतो. एकदा प्रतापगडजवळच्या तिबेटी कॅम्पातले भाऊ-बहीण आले. भावाचा जन्म १९८६ चा, बहिणीचा १९८८ चा. आईबाप तेच, घर तेच, दोघांची शाळेतली दाखलखारीज पंजीही तीच. भाऊ कायद्याने जन्मतः भारतीय, बहीण परदेशी. तिने माझ्याच बोलीत विचारलं, "असं कसं जी?" मी म्हणालो, तुमच्या दोघांच्या मधून एक तारीख गेली.

त्या तारखेचा तिबेटशी काही संबंध नव्हता. ती आली आसामातून, आणि तिच्या मागे दिल्लीतली कितीतरी वर्षांची घासाघीस होती. कोण आपलं आणि कोण परकं, यावर संसदेत मोठमोठी भाषणं होतात. तत्त्वाने ते भांडण मिटत नाही. शेवटी दोन्ही बाजू एका तारखेवर येऊन थांबतात. भाषणं मी पेपरात वाचतो, तारखा मला अर्जात लिहाव्या लागतात. म्हणून तारखांचा माग काढायची मला सवयच लागली.

आमच्या तालुक्यात त्या जास्त दिसतात याला कारण आहे. बाहेरच्या माणसाला नवेगावबांधचा तलाव माहीत असतो, फार तर गोठणगावचं इटियाडोह धरण. प्रतापगडला महाशिवरात्रीची यात्रा भरते. महादेव आणि दर्गा शेजारी शेजारी, आणि लोक दोन्हीकडे जातात. त्याच प्रतापगडाच्या परिसरात १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत वसली. तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हा होता, गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला; तिबेटी लोक अजूनही वसाहतीला भंडाराच म्हणतात. आणि याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर, संजयनगर अशी गावं आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची. एक लोक हिमालय ओलांडून आलेले, दुसरे पद्मा-मेघनेच्या गाळातून. दोघांनी धान लावायला घेतलं. दोघांच्या पेटीतले कागद मात्र अगदी वेगळे.

सुरुवात १९४९ पासून करावी लागते. १० ऑगस्टला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीपुढे नागरिकत्वाची कलमं मांडली. मसुदा समितीला या कलमाइतकं डोकं धरायला लावणारं कलम एखाद-दुसरंच असेल, अशी कबुली त्यांनीच दिली. फाळणी होऊन दोन वर्षं झालेली, माणसं दोन्ही दिशांनी वाहत होती, आणि काही जाऊन परत येत होती. विरोधात जोरात उभे राहिले ते आपले अमरावतीचे पंजाबराव देशमुख. विदर्भात त्यांना शेतकऱ्यांचे भाऊसाहेब म्हणून ओळखतात, शिवाजी शिक्षण संस्थेचे म्हणून ओळखतात; नागरिकत्वावरचं त्यांचं भाषण फारसं कुणी वाचलेलं नसतं. त्यांचं म्हणणं असं की, या मसुद्याने भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल. त्यांनी दुरुस्ती सुचवली: जो हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असो, त्याला भारताचं नागरिकत्व मिळावं. दुसरीकडे जसपत रॉय कपूर यांच्यासारखे सभासद वेगळ्याच गोष्टीवर चिडलेले. पाकिस्तानात गेलेले जे लोक परवाना घेऊन कायमचं राहायला परत येतील, त्यांना नागरिक मानायची सवलत मसुद्यात होती. ती त्यांना खपत नव्हती. नेहरूंनी ती सवलत राखली, भाऊसाहेबांची दुरुस्ती पडली. आणि निर्वासितांपुरता तोडगा निघाला १९ जुलै १९४८ या तारखेवर. त्या दिवशी पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला होता. त्याआधी आला आणि इथेच राहिला तो नागरिक. त्यानंतर आला त्याने अर्ज करून नोंद करायची.

धर्म की भूमी, हा वाद त्या सभागृहात सुटला नाही. तारीख लिहून तो बाजूला ठेवला गेला. ज्यांनी ही कलमं मांडली ते बाबासाहेब पाच वर्षांनी, १९५४ ला, आमच्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आमच्या जिल्ह्याच्या खात्यावर ही एक नोंद आहे, ती पुसता येत नाही.

घटनेची शाई वाळते न वाळते तोच १९५० साली पूर्व बंगालात दंगे उसळले. आसाम सरकारला बाहेरचे लोक काढायला कायदा हवा होता. केंद्राने १ मार्च १९५० ला तो दिला, पण आतच एक पाचर मारून ठेवली: पाकिस्तानातल्या अशांततेमुळे जे घर सोडून आले त्यांना हा कायदा लागू नाही. घ्या आणि घेऊही नका. पुढच्या सगळ्या कायद्यांची चाल मला या छोट्या कायद्यात दिसते. नंतर १९५५ चा नागरिकत्व कायदा आला तो मात्र उदार होता. २६ जानेवारी १९५० पासून पुढे भारताच्या मातीत जन्मला तो भारतीय. आईबाप कोण, हे विचारायचं नाही, परक्या देशाचे राजदूत वगैरे थोडे अपवाद सोडून. भाऊसाहेब ज्याला स्वस्त म्हणाले होते ते हेच.

बंगाली कॅम्प आमच्याकडे कसे आले, त्याचीही तारखांचीच गोष्ट. पुनर्वसन खात्याने माणसांचे तीन भाग केले. ३१ मार्च १९५८ पर्यंत आलेले जुने. १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेले नवे. मधल्या पावणेसहा वर्षांत आलेले मधले, आणि त्या मधल्यांना पुनर्वसनाचा छदामही नाही, कारण सरकारने ठरवलं होतं की आता लोक येणं थांबलं. लोकांना ते कुणी कळवलं नसावं. १९६४ च्या सुरुवातीला खुलना-ढाक्यात दंगे झाले आणि लोंढे पुन्हा सुरू झाले. पश्चिम बंगाल म्हणालं, आमच्याकडे आता तीळ ठेवायला जागा नाही. तेव्हा नव्यांपुढे अट ठेवली गेली: मदत हवी तर बंगालबाहेर जावं लागेल. सियालदा-हावड्याकडून गाड्या भरून रायपूरजवळच्या माना कॅम्पात, तिथून दंडकारण्यात, आणि काही चांदा-भंडाऱ्याच्या जंगलात. बहुतेक लोक नमशूद्र जातीचे, नदीकाठचे शेतकरी. जे इथे टिकले त्यांनी जमिनी कसल्या, तळ्यांत मासे सोडले. दंडकारण्यातून जे कंटाळून परत गेले त्यांच्यातल्या अनेकांवर सुंदरबनातल्या मरिचझापीत १९७९ ला पोलिसांच्या कारवाईत काय ओढवलं, ते अरुणनगरकडच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. ते फार बोलत नाहीत.

बंगालबाहेर जायच्या त्या अटीत एक खोच राहून गेली. नमशूद्र ही जात पश्चिम बंगालात अनुसूचित आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. आणि अर्जुनी मोरगाव हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव! म्हणजे बंगालात राहिला असता तर ज्याला राखीव जागेवर उभं राहता आलं असतं, तो इथे राखीव मतदारसंघात फक्त मत देतो. जातीच्या दाखल्यासाठी बंगाली तरुण माझ्याकडे आला की मला हे समजावून सांगावं लागतं, आणि दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर मी फसवतोय असा भाव येतो.

तिबेट्यांचं सगळंच निराळं. ते कुठल्या कायद्याने आले नाहीत, आणि कुठल्या कायद्याने राहिलेही नाहीत. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडलं, महिनाअखेर तवांगकडून भारतात आले, मागोमाग हजारो लोक. नेहरूंनी राज्यांना जमिनी मागितल्या. म्हैसूरने सगळ्यात जास्त दिल्या, महाराष्ट्राने ही एक वसाहत दिली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना. निर्वासितांच्या १९५१ च्या जागतिक करारावर भारताने सही केलेली नव्हती, आजही नाही. म्हणून कागदावर तिबेटी माणूस परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याने परदेशी ठरला, पण हाकलायचा नाही असा. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे आरसी म्हणतात. आधी ते वरचेवर नवं करून घ्यावं लागे, आता पाच वर्षांनी. हिवाळ्यात स्वेटर विकायला दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर आरसी खिशात पाहिजे. नागपूरच्या फुटपाथवर तिबेटी बाई स्वेटरचा भाव कमी करत नाही, यावर लोक विनोद करतात. त्यांनी तिचे कागद बघावेत.

तिबेट्यांना जमीन मिळाली तेव्हा इथल्या गोंडांना काय मिळालं? हा प्रश्न मी माझ्या टेबलावर बसून किती वेळा ऐकला. पिढ्यान् पिढ्या जंगलात धान पेरणारा गोंड त्याच जंगलात अतिक्रमणदार ठरला होता. त्यालाही कायदा मिळाला तो २००६ साली, वनहक्क कायदा, आणि त्यालाही तारीखच मिळाली. मूळ विधेयकात २५ ऑक्टोबर १९८० ही मर्यादा होती. किशोरचंद्र देव यांच्या संयुक्त समितीने ती १३ डिसेंबर २००५ वर आणली. वनवासींच्या संघटनांचं ते मोठं यश. त्याच ओढाताणीत बिगर-आदिवासी वननिवासींसाठी मात्र तीन पिढ्यांची, ७५ वर्षांची अट घातली गेली. आमच्याकडच्या जंगलगावांत गोंडाच्या बांधाला लागून बिगर-आदिवासीचा बांध असतो. एकाला पट्टा, दुसऱ्याला आजोबांच्या आजोबांचा पुरावा. कोतवाल पंजीच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, नकला काढून काढून माझे हात दुखले.

आता त्या १ जुलै १९८७ कडे. १९७९ साली आसामात मंगलदोई मतदारसंघाची पोटनिवडणूक लागली आणि मतदारयादीतली हजारो नावं परकीयांची असल्याची तक्रार झाली. तिथून सहा वर्षांचं आंदोलन. विद्यार्थी संघटनेचा आग्रह १९५१ चा: त्या वर्षीच्या नोंदवहीत जो नाही तो बाहेर. केंद्र १९७१ वर अडलेलं. अनेक फेऱ्या झाल्या, सरकारं बदलली, नेल्लीचा भयानक नरसंहार झाला. अखेर १९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने गाठ सोडवली. त्या वेळी गृहमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि गृहसचिव राम प्रधान, महाराष्ट्राचे माजी मुख्य सचिव. १५ ऑगस्टच्या पहाटेपूर्वी करारावर सह्या झाल्या, केंद्राकडून सही प्रधानांची. सकाळी लाल किल्ल्यावरून घोषणा.

तोडगा बघण्यासारखा आहे. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेले सगळे आत. २५ मार्च १९७१ पासून आलेले बाहेर. मधल्यांचं काय? त्यांची नावं मतदारयादीतून दहा वर्षांसाठी काढायची आणि मग परत घालायची. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात तेव्हा शेवटच्या शंभर रुपयांवर अडतं, आणि मग पन्नास तू सोड पन्नास मी सोडतो असं होतं. हे दहा वर्षांचं कलम तसंच आलं असणार. माणसाला दहा वर्षं अर्धा नागरिक करायची ही कल्पना मला आजही चमत्कारिक वाटते, पण रक्तपात थांबवायला ती पुरली, हेही मान्य करावं लागतं. नागरिकत्व कायद्यातलं कलम ६ अ ते हेच. सर्वोच्च न्यायालयाने ते १७ ऑक्टोबर २०२४ ला चार विरुद्ध एक अशा मतांनी वैध ठरवलं.

करार आसामपुरता होता, भीती मात्र देशभर गेली. १९८६ मध्ये संसदेने मूळ कायदाच आवळला: यापुढे जन्माने नागरिक व्हायचं तर आई किंवा बाप यांपैकी एक तरी भारतीय हवा. अंमल १ जुलै १९८७ पासून. सरकारने कारण देताना बांगलादेश, श्रीलंका आणि आफ्रिकेतल्या काही देशांतून होणाऱ्या चोरट्या प्रवेशाचं नाव घेतलं. तिबेटचं घेतलं नाही. प्रतापगडच्या त्या बहिणीचं नागरिकत्व गेलं ते तिच्यावर नेम धरून नव्हे.

योगायोग असा की, त्याच १९८६ साली अमेरिकेतही असाच एक सौदा पार पडला. चोरून राहिलेल्या लोकांना कायदेशीर करायचं, त्या बदल्यात यापुढे बेकायदा माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड. मर्यादा १ जानेवारी १९८२. फळबागांच्या मालकांना मजूर हवे होते, त्यांनी शेतमजुरांसाठी निराळं दार करून घेतलं: एका वर्षात नव्वद दिवस शेतात राबल्याचं दाखवा. सत्तावीस लाखांच्या आसपास लोक कायदेशीर झाले, आणि मालकांवरचा दंड बराचसा कागदावरच राहिला. सौद्यात कुणाचा माल रोख मिळतो आणि कुणाचा उधार, हे तिथेही तसंच.

२००३ ची दुरुस्ती आणखी आवळणारी. एक पालक भारतीय असून भागेना. दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. १८ डिसेंबर २००३ ला राज्यसभेत विरोधी पक्षनेते मनमोहन सिंग यांनी सुचवलं की, बांगलादेशातून छळाने आलेल्या निर्वासितांच्या बाबतीत सरकारने उदार व्हावं. उपपंतप्रधान अडवाणींनी सहमती दाखवली. पण कायद्यात तसं काही लिहिलं गेलं नाही. बोललेलं आणि लिहिलेलं यातला फरक अर्जनवीसाला कुणी शिकवायला नको. बंगाली कॅम्पातले १९७१ पूर्वी आलेले बहुतेक नोंदणीने नागरिक झालेले; पण मागाहून आलेला मेहुणा, लग्न करून आणलेली सून, हे सगळे त्या दिवसापासून धास्तावले.

तिबेट्यांच्या हाती मधल्या काळात एक जुनी किल्ली लागली. १९८६ साली भारतात जन्मलेल्या तिबेटी नामग्याल डोल्कर यांना पासपोर्ट नाकारला गेला होता. २२ डिसेंबर २०१० ला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, १९५० ते १९८७ मध्ये जन्मलेली ही बाई जन्मतःच भारतीय आहे, तिला कुणी नागरिकत्व द्यायचं राहिलेलंच नाही. २०१४ साली निवडणूक आयोगाने अशा तिबेट्यांची नावं मतदारयादीत घ्यायला सांगितली. मग २०१७ मध्ये पासपोर्टच्या अटी आल्या: आरसी परत करा, निर्वासितांसाठीच्या वसाहतीत राहत नाही असं लिहून द्या, निर्वासितांच्या सवलती सोडा. तो १९८६ चा भाऊ याच प्रतिज्ञापत्रासाठी माझ्याकडे आला होता. मजकूर मी लिहून दिला. सही करायच्या आधी तो म्हणाला, म्हातारीला घेऊन मी कॅम्पाबाहेर राहायचं कुठे? नागरिक झालेल्या माणसाने घर सोडावं, ही अट मला कुठल्याच तर्कात बसवता आलेली नाही. त्याने सही केली नाही. कागद घडी करून घेऊन गेला. बहिणीचा विचार निराळाच निघाला. तिला नागरिकत्वाची घाईच नव्हती. कॅम्पातली वडीलमंडळी म्हणतात, आपण सगळेच भारतीय झालो तर परत जायचं कुणी? हाही एक सौदाच, घरातल्या घरात चाललेला.

मग २०१९. २०१६ ला आलेलं नागरिकत्व दुरुस्ती विधेयक संयुक्त समितीत अडीच वर्षं राहिलं, राज्यसभेत अडलं आणि लोकसभेबरोबर संपलं. पुन्हा आणलं तेव्हा त्यात काय काय देवाणघेवाण झाली, ते बघा. निवासाची अट अकरा वर्षांवरून आधी सहा, मग पाच. ईशान्येच्या रागावर उतारा म्हणून सहाव्या अनुसूचीतले आदिवासी प्रदेश आणि बाहेरच्यांना आत जायला परवाना लागणारी राज्यं वगळली. मणिपूरला त्याच आठवड्यात परवान्याच्या कक्षेत घेतलं. दार उघडलं ते तीन देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांना: पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान. हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती. आणि येण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०१४. लोकसभेत ३११ विरुद्ध ८०. त्या वेळी मुंबईत शिवसेनेच्या नेतृत्वाखाली नवं तीन पक्षांचं सरकार येऊन पंधरवडाही झाला नव्हता. शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं आणि दोन दिवसांत राज्यसभेत सभात्याग केला. सरकार टिकवायची किंमत त्या दोन दिवसांत मोजली गेली.

भाऊसाहेब देशमुखांची दुरुस्ती सत्तर वर्षांनी पास झाली, असं काही लोक म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. त्यांच्या मजकुरात तारीख नव्हती, देशांची यादी नव्हती. यांच्या मजकुरात धर्म जास्त आहेत, दार मात्र अरुंद आहे. मुसलमान वगळले, यावर देशभर रान पेटलं, आणि ती हरकत मला रास्त वाटते. छळ धर्म विचारून होत असेल, आसरा धर्म विचारून देऊ नये. आमच्या तालुक्यातून मात्र आणखी एक गंमत दिसते. बौद्ध हा शब्द कायद्यात आहे, आणि आमच्याकडे १९७२ पासून असलेले बौद्ध निर्वासित त्या कायद्यात नाहीत, कारण चीन यादीत नाही.

११ मार्च २०२४ ला नियम आले तेव्हा बंगाली कॅम्पांतून लोक विचारायला यायला लागले. अर्जाबरोबर मूळ देशाचा काहीतरी कागद लावायचा. ज्या माणसाने रेशनकार्ड, मतदारकार्ड, आधार असे भारतीयत्वाचे पुरावे एकेक करून जमवले, त्याने आता आधी लिहून द्यायचं की मी बांगलादेशी आहे. अर्ज फेटाळला गेला तर? बहुतेकांनी चहा पिऊन अर्ज न भरताच वाट धरली.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा १९४६ चा जुना कायदा जाऊन नवा आला. त्याबरोबर एक आदेश निघाला: त्याच तीन देशांतले तेच सहा समाज, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत पासपोर्टाविना आलेले असले तरी त्यांच्यावर कारवाई नाही. गौरनगरकडचे एक बाबू मोबाईलवर आलेली बातमी घेऊन माझ्याकडे आले, तारीख दहा वर्षं पुढे गेली म्हणून खूश होते. मी वाचून दाखवलं. राहायची मुभा आहे जी, नागरिकत्व नाही. त्याची तारीख २०१४ चीच आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती कधी सरकेल?" मी म्हटलं, बंगालच्या निवडणुका कधी आहेत, तेवढं बघून ठेवा.